कल्चर रिपोर्टमधले वाढते ‘आर’: जिवाणू औषधांना दाद का देईनासे झालेत?

विभाग: आरोग्य

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी. मी नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजी बघते. लघवी, रक्त, पू, थुंकी असे नमुने येतात. त्यात कोणता जिवाणू वाढतोय आणि तो कोणत्या अँटिबायोटिकला दाद देतोय, हे शोधायचं माझं काम. या तपासणीला कल्चर म्हणतात. तिच्या रिपोर्टवर प्रत्येक औषधापुढे एक अक्षर छापलेलं असतं. ‘एस’ म्हणजे औषध चालेल, ‘आर’ म्हणजे चालणार नाही. हल्ली हे ‘आर’ इतके वाढलेत की कधी दवाखान्यात ॲडमिट न झालेल्या तरुण बाईच्या साध्या लघवीच्या इन्फेक्शनमध्येही बहुतेक गोळ्यांपुढे ‘आर’ येतो आणि खाली दोन-तीन इंजेक्शनांपुढे ‘एस’ उरतो. रिपोर्ट घ्यायला आलेली माणसं हमखास विचारतात, “म्हणजे हिच्या शरीराला औषधांची सवय झाली का?”

चांगली शिकलेली माणसंही हेच विचारतात, म्हणून हा धागा काढतेय. शरीराला कसलीही सवय होत नाही. दाद देत नाही तो जिवाणू, आणि तो एकाच माणसापाशी थांबत नाही. आज तुमच्या आतड्यात आहे, उद्या त्याच घरातल्या लहान मुलाच्या आतड्यात असेल, परवा नाल्यात.

आमच्याकडे टेस्ट कशी होते ते आधी सांगते. चपट्या बशीत म्युलर-हिंटन अगार नावाचं फिकट पिवळसर माध्यम ओतून घट्ट केलेलं असतं. रुग्णाच्या नमुन्यातला जिवाणू कापसाच्या बोळ्याने त्यावर सगळीकडे सारखा फिरवायचा. मग वेगवेगळ्या औषधांत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या, प्रत्येकी ६ मिलिमीटरच्या, अंतर ठेवून वर मांडायच्या आणि बशी रात्रभर ३५ अंशांवर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी सगळ्या बशीवर जिवाणूंचा पांढुरका थर आलेला असतो. जे औषध चालतं, त्याच्या चकतीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ राहतं. त्याचा व्यास मोजून तक्त्याशी ताडून बघायचा आणि एस की आर ते ठरवायचं. काही औषधांच्या चकतीला थर अगदी खेटून वाढलेला असतो. तिथे मोजायलाही काही नसतं.

पण मला सगळ्यात जास्त थांबवून ठेवतं ते वेगळंच दृश्य. कधीकधी वर्तुळ मोठं आणि छान असतं, पण त्याच्या आत टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका पेशीची रात्रभरातली प्रजा. बाकीचे कोट्यवधी मेले, ही एक पेशी तगली, कारण तिच्या जनुकात एक छोटीशी चूक झालेली होती आणि त्या चुकीमुळे औषध तिला लागू पडलं नाही.

ही चूक औषधामुळे होत नाही, हे नीट लक्षात घ्या. ती आधीच झालेली असते. लुरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणू आणि त्यांना मारणारे विषाणू घेऊन हे दाखवलं, आणि १९५२ मध्ये एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीच्या कापडाने एका बशीवरच्या वसाहतींचे ठसे दुसऱ्या बशीवर उमटवून ते पक्कं केलं. पहिल्या बशीवरच्या, औषधाचं तोंडही न पाहिलेल्या वसाहतींमध्ये औषधाला न जुमानणारे जिवाणू आधीपासून होतेच. औषध फक्त एवढंच करतं की बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळं करून देतं. ई. कोलायसारखा जिवाणू सोयीच्या परिस्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. त्या हिशोबाने १० तासांत एकाचे १०० कोटींच्या वर होतात.

ती चूक नेमकं काय करते? काही जिवाणू औषध तोडणारं विकर (एन्झाइम) बनवतात. पेनिसिलिनसारख्या औषधांच्या रेणूत चार कोनांची एक कडी असते, ती हे विकर फोडतं आणि औषध निकामी होतं. काहींच्या आवरणात पंप असतात, औषध आत आलं की लगेच बाहेर फेकलं जातं. काही जण औषध आत शिरण्याचं दारच बंद करतात. आणि काही जिवाणू औषध ज्या भागाला चिकटतं तो भागच बदलून टाकतात. एमआरएसए हे नाव ऐकलं असेल, त्या स्टॅफिलोकॉकसने तेच केलंय.

याहून जास्त काळजीची गोष्ट पुढे आहे. ही जनुकं पुष्कळदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर असतात, आणि एक जिवाणू तो तुकडा दुसऱ्याला देऊ शकतो. जात वेगळी असली तरी चालतं. १९५०च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे असे जिवाणू सापडले की जे एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देत नव्हते. शोध घेतल्यावर दिसलं की आतड्यातला ई. कोलाय आणि हगवणीचा शिगेला यांच्यात या जनुकांचं अख्खं गाठोडंच इकडून तिकडे जातंय. म्हणजे तुम्ही सर्दीसाठी विनाकारण खाल्लेल्या अँटिबायोटिकने आतड्यातले निरुपद्रवी जिवाणू निवडले गेले, तरी त्यांच्याकडची जनुकं उद्या खऱ्या रोगजंतूकडे पोचू शकतात.

एका मोठ्या जागतिक अभ्यासाचा अंदाज असा आहे की २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख माणसं गेली. सिझेरियन, गुडघ्याचं ऑपरेशन, केमोथेरपी, कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत ठेवणं, हे सगळं आपण निर्धास्तपणे करतो कारण इन्फेक्शन झालंच तर औषध आहे ही खात्री असते. ती खात्री रोज थोडी थोडी कमी होताना मी बशीत बघते. तुमचे प्रश्न आणि अनुभव लिहा.

द्राक्षबाग_निफाड

ताई, एकदम सोपं करून सांगितलं. आम्हा बागाईतदारांना यातलं निम्मं आधीच पटलेलं असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की द्राक्षावर डावणी रोग येती. ती बुरशीसारखी, जिवाणू नाही, पण गोष्ट तीच. स्ट्रॉबिल्युरीन गटाची औषधं नवीन आली तेव्हा एका फवारणीत बाग साफ व्हायची. लोकांनी तेच तेच मारलं. आता ती डावणीवर मारून बघा, पैसे पाण्यात. आता सल्ला असा असतो की एका गटाचं औषध लागोपाठ मारायचं नाही, आणि मॅन्कोझेबसारखं जोडीदार औषध बरोबर घ्यायचं.

माझा प्रश्न हा की माणसांच्या बाबतीत डॉक्टर लोक अशी जोडी का लावत नाहीत?

मृण्मयी_नाशिक

दादा, लावतात. टीबीत नेमकं हेच करतात, आणि ते का करतात याचा हिशोब बघण्यासारखा आहे.

टीबीच्या जिवाणूत रिफाम्पिसिनला न जुमानणारी पेशी साधारण १० कोटींत एक सापडते. आयसोनियाझिडसाठी साधारण १० लाखांत एक. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या अंगात १० कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू असू शकतात. म्हणजे एकटं रिफाम्पिसिन दिलं तर त्याला न जुमानणारी एखादी पेशी तिथे पहिल्या गोळीच्या आधीपासून असणार, हे जवळपास ठरलेलं. पण दोन्हींना एकाच वेळी न जुमानणारी पेशी हवी तर आकडे गुणावे लागतात: १० कोटी गुणिले १० लाख, म्हणजे एकावर चौदा शून्यं. तेवढे जिवाणू कुणाच्याच अंगात नसतात. म्हणून टीबीला सुरुवातीला चार औषधं एकत्र देतात.

हे शहाणपण सुरुवातीला नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये अमेरिकेत मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. इंग्लंडमध्ये त्याची पद्धतशीर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आले. सहा महिन्यांत रुग्ण झपाट्याने सुधारले होते. पण एकटं औषध होतं. पुष्कळांच्या थुंकीत त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू आले आणि पाच वर्षांनी पाहिलं तर औषध मिळालेले आणि न मिळालेले यांच्यातला फरक बराच कमी झालेला होता.

साध्या इन्फेक्शनमध्ये जिवाणूंची संख्या कमी असते, बाकीचं काम आपली प्रतिकारशक्ती करते, त्यामुळे प्रत्येक वेळी जोडी लागत नाही. उगाच दोन-दोन अँटिबायोटिक दिली तर आतड्यातल्या बाकीच्या जिवाणूंवर दुहेरी मारा होतो, तोटाच जास्त.

कसमादेकर

स्ट्रेप्टोमायसिनचं नाव वाचून चमकलो. आमच्याकडे सटाणा, देवळा, मालेगाव पट्ट्यात डाळिंबावर तेल्या आला की स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी पंपात टाकायची, ही वर्षानुवर्षांची रीत. तेच का हे?

मृण्मयी_नाशिक

तेच. त्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असतं. तेल्या हा झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा रोग, म्हणून त्यावर अँटिबायोटिक. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला या मिश्रणाचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. त्यात कारण स्पष्ट होतं: माणसांच्या उपचारातली औषधं पिकांवर मारल्याने प्रतिरोध, म्हणजे जिवाणूंचं औषधाला दाद न देणं, वाढतो.

फवारा पानावर पडतो, पण थेंब मातीत जातात, पाण्यात जातात, फवारणाऱ्याच्या हातावर असतात. आणि खुद्द झाडाच्या रोगावरही हे औषध कायम टिकत नाही. कॅलिफोर्नियात नाशपातीच्या बागांमध्ये फायर ब्लाइटचा जिवाणू १९७१ मध्येच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासा झाला होता.

कसमादेकर

मान्य. पण बाग डोळ्यांदेखत डागाळते तेव्हा माणूस हाताला येईल ते मारतो. एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी, बागेची विश्रांती, रोगट फांद्या काढून जाळणं, हे सगळं करतोच आम्ही. बहारात पाऊस लागला की तेही पुरत नाही. बंदी घालायची तर तेल्याला टिकणारं रोप द्या, हे माझं सरकारला सांगणं आहे.

मृण्मयी_नाशिक

दादा, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

मेडिकल_पंचवटी

माझं वीस वर्षांपासून औषधांचं दुकान आहे. नेहमी बोट आमच्याकडे दाखवतात म्हणून लिहितोय. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ ही जास्त कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी लागू आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, मेरोपेनेमसारखी औषधं, टीबीची औषधं यांची चिठ्ठीशिवाय विक्री नाही. वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, तीन वर्षं जपायचं. मी ते ठेवतो.

पण अझिथ्रोमायसिनसारखी रोज मागितली जाणारी औषधं साध्या शेड्यूल एचच्या यादीत आहेत. त्यांनाही चिठ्ठी लागतेच, फक्त रजिस्टर लागत नाही. आणि तिथेच गळती आहे. गिऱ्हाईक जुनी रिकामी स्ट्रिप नाचवत येतं, “हेच द्या, मागच्या वेळी यानेच बरं वाटलं होतं.” नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातं. रात्री नऊ वाजता ताप आलेलं पोर कडेवर घेऊन आई उभी असते, दवाखाने बंद झालेले असतात. तिला नियम सांगताना जीव तुटतो. तरी मी पॅरासिटामॉल आणि ओआरएस देऊन सकाळी डॉक्टरकडे जायला सांगतो.

एक विनंती सगळ्यांना. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध मनाने घ्यायचं नसतं. २०१६ पासून यावर मोहीम चालू आहे. घरातल्या डब्यात अशा अर्ध्या स्ट्रिपा असतील तर “कधीतरी लागतील” म्हणून ठेवू नका.

डॉ_दिंडोरीरोड

या धाग्याबद्दल आभार. दुसरी बाजू मांडतो. माझ्याकडे द्राक्षाच्या हंगामात पेठ, सुरगाण्याकडून आलेले मजूर येतात. एक दिवस आजारी म्हणजे एक दिवसाचा रोज गेला. कल्चरला पैसे लागतात आणि रिपोर्टला दोन-तीन दिवस. तो माणूस तीन दिवसांनी कुठल्या गावच्या बागेत असेल हे त्यालाही माहीत नसतं. अशा वेळी डॉक्टर अंदाजाने औषध देतो. हा अंदाज सोडून द्या म्हणणं सोपं आहे. त्याऐवजी अंदाज जास्त बरोबर कसा येईल हे बघायला हवं.

नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, तर घसा दुखण्याचं कारण बहुतेक विषाणू. तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणूच असतो हेही खरं नाही, विषाणूच्या सर्दीतही तो रंग येतो. लहान मुलाला पाण्यासारखे जुलाब होत असतील तर ओआरएस आणि १४ दिवस झिंक, अँटिबायोटिक नाही. रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी. एवढंच सगळ्यांनी पाळलं तरी माझ्यासारख्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरची निम्मी अँटिबायोटिक कमी होतील असं मला मनापासून वाटतं.

आणि रुग्णांनीही “डॉक्टर, काहीतरी स्ट्राँग द्या” म्हणणं थांबवावं. त्याऐवजी विचारा, “हे जिवाणूचं आहे की विषाणूचं?” हा प्रश्न विचारला की डॉक्टरलाही दोन मिनिटं थांबून विचार करावा लागतो.

अथर्वची_आई

डॉक्टर, एक शंका. बरं वाटल्यावरही कोर्स पूर्ण करायचा असं लहानपणापासून ऐकलंय. मध्यंतरी कुठेतरी उलटं वाचलं. नक्की काय?

डॉ_दिंडोरीरोड

दोन्ही वाचलेलं खरं आहे, फक्त जागा वेगवेगळ्या आहेत. टीबीत कोर्स अर्धवट सोडणं म्हणजे संकट ओढवून घेणं, तिथे एक दिवसही चालढकल नाही. पण साध्या इन्फेक्शनांत जास्त दिवस औषध घेतल्याने प्रतिरोध कमी होतो याला फारसा आधार नाही. उलट जितके जास्त दिवस गोळ्या, तितका आतड्यातल्या जिवाणूंवर जास्त दबाव. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली यावर चांगलाच वाद झाला. न्यूमोनियासारख्या आजारातही पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स आता पुरेसे ठरलेत.

म्हणून तुमच्यासाठी नियम एवढाच: किती दिवस ते डॉक्टर ठरवणार, तेवढे दिवस घ्यायचं. लवकर बरं वाटलं तर फोन करून विचारा, मनाने थांबवू नका आणि मनाने वाढवूही नका.

राधा_सिडको

सगळं वाचून भीती वाटायला लागली. माझ्या बहिणीला लहानपणी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपेवर परिणाम झाला. तिला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं, कित्येक वर्षं. मग तिचं काय होणार?

मृण्मयी_नाशिक

राधाताई, ते इंजेक्शन मुळीच चुकवू देऊ नका. तुमच्या बहिणीला ज्या घशाच्या जिवाणूपासून धोका आहे, तो स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस. त्याच्यावर पेनिसिलिन आजही चालतं, ऐंशी वर्षांच्या वापरानंतरही. सगळे जिवाणू सारखे नसतात. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून एक माणूस स्वतःच पेनिसिलिन घेतो, तेही अपुरं. त्याच्या घशात प्रतिरोधी स्ट्रेप्टोकॉकस तयार होतो, बायकोला लागण होते आणि ती दगावते. त्यांची सूचना बाकी जिवाणूंबाबत अक्षरशः खरी ठरली, आणि गोष्टीतला स्ट्रेप्टोकॉकस कुळातला हा घशाचा जंतू मात्र अजून पेनिसिलिनला वश आहे. असं का, हे शास्त्रज्ञांनाही पूर्ण उलगडलेलं नाही.

अँटिबायोटिक वाईट असतात असा या धाग्याचा अर्थ कुणी कृपया काढू नका. गरज असते तिथे ती जीव वाचवतात, आणि तुमच्या बहिणीला ती गरज आहे.

सायकलवरचा_अंबड

इतके दिवस इथे फक्त वाचतो, आज लिहितो. माझा धाकटा भाऊ अंबडच्या एका कारखान्यात कामाला होता. खोकला सुरू झाला. घराजवळच्या एका डॉक्टरांनी थुंकी न तपासता लेव्होफ्लॉक्सासिन दिलं. बरं वाटायचं, बंद केलं की परत खोकला. मग तेच परत. असं बरंच चाललं, तोवर वजन उतरलं. शेवटी थुंकीत रक्त आल्यावर सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे मशीनवर त्याच दिवशी कळलं की टीबी आहे आणि रिफाम्पिसिन लागू पडत नाही.

तेव्हा उपचार दोन वर्षांचे होते. सुरुवातीचे काही महिने रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन. कमरेला गाठी यायच्या, बसता यायचं नाही. कानात आवाज सुरू झाला आणि मग उजव्या कानाने ऐकू येणं गेलं. ते परत आलेलं नाही. तो बरा झाला, आज कामावर जातो, लग्न झालं. पण आईने त्या दोन वर्षांत त्याचं ताट वेगळं ठेवून स्वतः बाहेर जाऊन रडायचं, हे मी बघितलंय. ताट वेगळं ठेवायची गरज नव्हती हेसुद्धा आम्हाला नंतर कळलं.

ताई, लेव्होफ्लॉक्सासिनमुळे निदान लांबलं असं नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. खरं आहे का ते?

मृण्मयी_नाशिक

दादा, वाचून गलबलून आलं. हो, ते खरं आहे. लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटाची औषधं टीबीच्या जिवाणूवर थोडं काम करतात. रुग्णाला तात्पुरतं बरं वाटतं, थुंकीतले जिवाणू कमी होतात, तपासणीत सापडायला अवघड जातं आणि निदान लांबतं. शिवाय याच गटाची औषधं एमडीआर टीबीच्या, म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड दोन्हींना दाद न देणाऱ्या टीबीच्या, उपचारात महत्त्वाची असतात. ती आधीच एकटी वापरल्याने तीही हातची जाऊ शकतात. वर लिहिलेला दहा कोटींचा हिशोब इथेही लागू होतो.

इथे वाचणाऱ्या सगळ्यांना: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर अँटिबायोटिक बदलत बसण्याआधी थुंकी तपासा. सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, मशीनला साधारण दोन तास लागतात आणि रिफाम्पिसिन चालेल की नाही तेही त्यातच कळतं. आता एमडीआरसाठी बऱ्याच रुग्णांना सहा महिन्यांचा, गोळ्यांचाच उपचार उपलब्ध झालाय, ती इंजेक्शनं नाहीत. तुमच्या भावाच्या वेळी हे असतं तर त्याचा कान वाचला असता.

सायकलवरचा_अंबड

धन्यवाद ताई. त्याला वाचून दाखवतो.

तपोवनरोड

कोंबड्यांना अँटिबायोटिक देतात म्हणतात, त्याचं काय? आणि दुसरं, सिंहस्थ येतोय. रामकुंडात लाखो लोक उतरणार. पाण्यातून हे पसरत नाही का?

मृण्मयी_नाशिक

कोंबड्या आणि जनावरांना आजार नसतानाही वाढीसाठी थोड्या थोड्या मात्रेत खाद्यातून औषध देणं हा सगळ्यात घातक प्रकार. मात्रा इतकी कमी की जिवाणू मरत नाहीत, फक्त निवडले जातात. युरोपने हे १ जानेवारी २००६ पासून बंद केलं. कोलिस्टिन हे आपलं शेवटच्या फळीतलं औषध, बाकी सगळीकडे ‘आर’ आल्यावर अतिदक्षता विभागात वापरतात ते. नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधल्या डुकरांत आणि मांसात त्याला निकामी करणारं, प्लाझ्मिडवरून पसरणारं जनुक सापडल्याचं जाहीर झालं. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. ही बंदी मला फार महत्त्वाची वाटते, पण गावोगावच्या शेडपर्यंत ती पोचली पाहिजे.

पाण्याबद्दल. ऋषिकेश-हरिद्वार भागात गंगेच्या पाण्याचा अभ्यास झाला होता, २०१४ मध्ये छापून आला. यात्रेच्या हंगामात पाण्यात एनडीएम-१ या जनुकाचं प्रमाण एरवीपेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळलं. हे जनुक मेरोपेनेमसारखी औषधं निकामी करतं. आपल्याकडेही २०१५ च्या सिंहस्थात गोदावरीच्या पाण्यातल्या जिवाणूंचा अभ्यास झाला आणि स्नानाच्या काळात त्यांची रचना बदललेली दिसली. स्नान करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एवढ्या माणसांची शौचालयं आणि सांडपाण्याची सोय अपुरी पडली की आतड्यातलं सगळं नदीत येतं. आणि मलनिस्सारण केंद्रांची रचना ही जनुकं काढून टाकण्यासाठी केलेलीच नसते. म्हणून नदीत मैला न मिसळू देणं हेही औषधं टिकवण्याचंच काम आहे. महापालिकेच्या सभांमध्ये हा मुद्दा कुणीतरी मांडायला हवा. आरोग्य विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, तिथल्या मंडळींनी पाण्याचे नमुने सिंहस्थाच्या आधी, दरम्यान आणि नंतर तपासावेत असं मला फार वाटतं.

अभ्यासू_वाचक

लसीचा मुद्दा राहिला. टायफॉइडचं उदाहरण घ्या. क्लोरॅम्फेनिकॉलवर बरा व्हायचा, १९७२ मध्ये केरळात त्याला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं, तेही गेलं. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंधमध्ये सेफ्ट्रिॲक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला, तिथे तोंडावाटे घ्यायचं जवळपास एक अझिथ्रोमायसिन उरलं. आणि आपण तेच सर्दीला खातोय! लस घेतली की आजारच टळतो, मग औषधाचा प्रश्नच येत नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची नवी लस मुलांना दिली होती. नाशिकलाही द्यायला हवी.

मेडिकल_पंचवटी

+१. आणि नुसत्या विडाल या रक्ततपासणीवर टायफॉइड ठरवून आठवडाभर इंजेक्शनं, हेही थांबायला हवं.

डॉ_दिंडोरीरोड

विडालबद्दल सहमत. आधी रक्ताचं कल्चर, मग औषध.

गंगापूररोडचा_नातू

ताई, माझी आजी ८१ वर्षांची. दर दोन-तीन महिन्यांनी लघवी तपासतो, दर वेळी ई. कोलाय येतो. आता रिपोर्टमध्ये फक्त मेरोपेनेम, कोलिस्टिन, फॉस्फोमायसिन आणि नायट्रोफुरॅन्टॉइनपुढे एस आहे. आजीला त्रास काहीच नाही. ॲडमिट करून इंजेक्शनं द्यावीत का?

मृण्मयी_नाशिक

आजींना ताप नाही, जळजळ नाही, पोटात दुखत नाही, तर त्यांना बहुतेक उपचारांची गरजच नाही. वय झालेल्या स्त्रियांच्या लघवीत जिवाणू असणं आणि तरी काही त्रास नसणं, हे पुष्कळदा आढळतं. गरोदर बाई असेल किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन करायचं असेल तर वेगळं, तेव्हा औषध देतात. एरवी अशा जिवाणूंना औषध दिल्याने आयुष्य वाढत नाही, त्रास टळत नाही, फक्त पुढच्या रिपोर्टमध्ये आणखी ‘आर’ येतात. तुमच्या आजींच्या रिपोर्टांचा क्रम लावून बघितलात तर बहुधा हेच दिसेल. त्रास नसताना लघवी तपासणंच बंद करा, पण ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून.

कधी खरोखर ताप-जळजळ झाली तर मात्र पहिल्या गोळीच्या आधी नमुना द्या. आधी जागा पाण्याने स्वच्छ धुवायची, सुरुवातीची धार सोडायची, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्यायची. दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायची. आणि आधी काही औषध सुरू असेल तर त्याचं नाव फॉर्मवर लिहा, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो. गोळीनेच भागणार असेल तर तुमच्या यादीतलं नायट्रोफुरॅन्टॉइन चालू शकतं, पण ते मूत्रपिंड कसं काम करतंय ते बघूनच देतात, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

गंगापूररोडचा_नातू

त्रास नसताना तपासत होतो, हे लक्षातच आलं नव्हतं. उद्याच डॉक्टरांना जुने सगळे रिपोर्ट दाखवतो. क्रिएटिनिन गेल्या महिन्यातलं आहे, ते चालेल का?

मृण्मयी_नाशिक

आत्ता बोलण्यापुरतं चालेल. औषध द्यायची वेळ आली तर ताजं करून घ्या.